पसाभर तूप: वैद्यराज जीवकाची गोष्ट



चातुर्मास लागला की आपल्या गटावर आहाराचे प्रश्न वाढतात. तूप खावं की बंद करावं? रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवलेली कणीक सकाळी चालते का? उपासाला साबुदाणा घ्यावा की वरी? एक ताई लिहितात की रोज दोन चमचे तूप खाऊन अंगात ताकद आली. दुसऱ्या ताई लिहितात की डॉक्टरांनी तूप पार बंद केलं. दोघींचंही खरंच असतं, पण वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

म्हणून या अंकात आम्ही पाककृती देत नाही, पथ्याची यादीही देत नाही. एका वैद्याचं चरित्र सांगतो. अडीच हजार वर्षांपूर्वी मगध देशात जीवक नावाचा वैद्य होऊन गेला. राजा बिंबिसाराचा तो राजवैद्य आणि भगवान बुद्धांचाही वैद्य. पाली भाषेतल्या विनयपिटकात त्याच्या हकिगती विस्ताराने आल्या आहेत. त्या वाचताना आमच्या लक्षात आलं की आज आपण जे विचारतो त्यातलं बरंचसं त्याच्यासमोरही आलं होतं. त्यात तुपाचा प्रश्न तर दोनदा आला.

सुपातलं बाळ

मगधाची राजधानी राजगृह, म्हणजे आजच्या बिहारमधलं राजगीर. तिथे सालवती नावाची एक प्रसिद्ध गणिका होती. तिला मुलगा झाला. मुलगा झाल्याचं कुणाला कळू नये म्हणून तिने दासीला सांगून ते बाळ एका सुपात घातलं आणि उकिरड्यावर टाकून दिलं. ज्या सुपात आपण धान्य पाखडतो, तशाच सुपात.

सकाळी राजपुत्र अभय राजवाड्याकडे निघाला होता. उकिरड्यावर कावळे गोळा झालेले त्याला दिसले. काय आहे म्हणून त्याने विचारलं, तर लोक म्हणाले की तान्हं मूल आहे. जिवंत आहे का, असं त्याने विचारलं. जिवंत आहे, असं उत्तर आलं. त्या उत्तरावरूनच बाळाचं नाव पडलं जीवक. राजपुत्राने त्याला घरी नेलं, दाया ठेवल्या, वाढवलं. कुमाराने वाढवलेला म्हणून त्याला कौमारभृत्य असंही म्हणतात. आयुर्वेदात लहान मुलांच्या चिकित्सेलाही कौमारभृत्य म्हणतात, त्यामुळे काही जण त्या नावाचा संबंध बालवैद्यकाशीही लावतात.

मुलगा जाणता झाला आणि त्याने अभयाला विचारलं की माझे आई-वडील कोण. अभय म्हणाला की आई मलाही ठाऊक नाही, वडील मी, कारण मी तुला वाढवलं. जीवकाने मनाशी विचार केला की राजघराण्यात हाती काही विद्या नसेल तर निभाव लागणार नाही. आपण एखादी कला शिकलीच पाहिजे. टाकून दिलेल्या मुलाने कुणावर राग धरला नाही, आपल्या पायावर उभं राहायचं ठरवलं. आणि कुणाला न सांगता तो तक्षशिलेला निघाला.

न सापडलेली वनस्पती

तक्षशिला आजच्या पाकिस्तानात, रावळपिंडीजवळ. राजगृहाहून पायी किती महिन्यांचा रस्ता असेल, विचार करा. तिथे एक जगप्रसिद्ध वैद्याचार्य होते. जीवक त्यांच्याकडे 7 वर्षं शिकला. तो पटकन ग्रहण करायचा, नीट लक्षात ठेवायचा. तरीही 7 वर्षांनी त्याला वाटलं की या विद्येला अंतच दिसत नाही. शिक्षण कधी संपेल, असं त्याने आचार्यांना विचारलं.

आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली. तक्षशिलेभोवती एक योजनभर फिर आणि जी औषधी नाही अशी कुठलीही वनस्पती मला आणून दे, अशी आज्ञा केली. जीवक फिरला. रिकाम्या हाताने परत आला. औषधी नाही असं काहीच दिसलं नाही, असं त्याने सांगितलं. तुझं शिक्षण पुरं झालं, एवढं पोटापाण्याला पुरेसं आहे, असं म्हणून आचार्यांनी त्याला थोडी शिदोरी देऊन निरोप दिला.

ही गोष्ट आपण बहुतेकांनी ऐकली आहे. पण ऐकताना तिचा अर्धाच अर्थ आपण घेतो. सगळंच औषध आहे म्हणून आपण आनंदतो आणि हळद, दालचिनी, मेथी, जे कुणी फोनवर पाठवेल ते चमचा-चमचा घ्यायला लागतो. सगळं औषध असेल तर उरलेला अर्धा अर्थही घ्यायला हवा. औषधाला माप असतं, वेळ असते आणि ते कुणासाठी आहे हेही पाहावं लागतं. आपल्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी-हिंग-जिरं आपण चिमटीने घेतो, वाटीने नाही. अन्नाचंही तसंच.

साकेतची शेठाणी

शिदोरी थोडीच होती. साकेत म्हणजे अयोध्येपर्यंत येता येता ती संपली. पुढचा रस्ता रानाचा, पाण्याचं दुर्भिक्ष. काहीतरी कमावणं भाग होतं. साकेतमधल्या एका मोठ्या श्रेष्ठीच्या बायकोचं डोकं 7 वर्षं दुखत होतं. नावाजलेले वैद्य येऊन पुष्कळ सोनं घेऊन गेले, गुण कुणालाच आला नाही. जीवक दाराशी गेला तर आधी त्याला नकारच मिळाला. एवढे मोठे हरले तिथे हा पोरगा काय करणार, असं त्या बाईंना वाटलं. जीवकाने निरोप पाठवला की आधी काही देऊ नका, बरं वाटलं तर मग इच्छेला येईल ते द्या.

बाईंना तपासून त्याने पसाभर तूप मागितलं. फक्त पसाभर. ते निरनिराळ्या औषधींबरोबर कढवलं, बाईंना पलंगावर उताणं झोपवलं आणि ते तूप नाकातून दिलं. आयुर्वेदात याला नस्य म्हणतात. नाकातून घातलेलं तूप तोंडात उतरलं. बाईंनी ते भांड्यात थुंकलं आणि दासीला सांगितलं की कापसाने टिपून ठेव.

जीवक चकित झाला. थुंकलेलं तूपसुद्धा टिपून ठेवणारी ही बाई मला काय देणार, अशी शंका त्याच्या मनात आली. बाईंनी त्याचा चेहरा ओळखला. आम्ही घरसंसार करणाऱ्या बायका काटकसर जाणतो, हे तूप नोकरांच्या पायांना चोळायला होईल नाहीतर दिव्यात घालायला होईल, तुझं मानधन काही बुडणार नाही, असं त्यांनी त्याला समजावलं.

आणि खरंच, एवढ्या एका नस्याने त्यांचं 7 वर्षांचं दुखणं गेलं. बाईंनी चार हजार दिले, मुलाने चार हजार, सुनेने चार हजार, यजमानांनी चार हजार. शिवाय रथ-घोडे. ते सगळे 16 हजार जीवकाने राजगृहात येऊन अभयापुढे ठेवले, मला वाढवलंत त्याबद्दल म्हणून. अभयाने ते त्यालाच परत दिले.

आम्हा बायकांना ही शेठाणी फार जवळची वाटली. तूप तिच्या घरी कमी नव्हतं, तरी तिला त्याची किंमत होती. आणि दिव्यातल्या तुपाची किंमत ओळखणाऱ्या घरातच पसाभर तूप औषध होऊन कामी आलं.

राजगृहातली वर्षं

राजगृहात जीवकाचं नाव झालं ते राजामुळे. बिंबिसाराला भगंदर झाला होता. वस्त्रांना डाग पडायचे आणि राण्या हसायच्या. राजा लाजेने कुणाला सांगत नव्हता. जीवकाने एका लेपात तो बरा केला. राजाने देऊ केलेले दागिने त्याने घेतले नाहीत, माझी सेवा लक्षात असावी एवढंच मागितलं. तेव्हापासून राजा, अंतःपुर आणि बुद्धांचा भिक्षुसंघ यांच्या प्रकृतीची जबाबदारी त्याच्याकडे आली.

त्याच शहरातल्या एका श्रेष्ठीच्या डोक्यावर त्याने शस्त्रक्रिया केली. त्याआधी त्याने विचारलं की 7 महिने एका कुशीवर, 7 महिने दुसऱ्या कुशीवर आणि 7 महिने उताणं पडून राहाल का. श्रेष्ठी हो म्हणाला. प्रत्यक्षात प्रत्येक बाजूला 7 दिवसांतच तो कंटाळला. 21 दिवसांत जखम भरली तेव्हा जीवकाने सांगितलं की मला 21 दिवसच हवे होते, पण महिने सांगितले नसते तर तुम्ही तेवढेही पडून राहिला नसता. पथ्य सांगणाऱ्याला माणसाचं मन कळावं लागतं, ते असं.

वाराणसीच्या एका श्रेष्ठीचा मुलगा कोलांट्या उड्या मारता मारता आतड्याला पीळ बसून आजारी पडला. साधी पेजसुद्धा त्याला पचत नव्हती, अंग वाळून शिरा दिसायला लागल्या होत्या. आपल्या गोव्याच्या मंडळींना पेज म्हणजे आजाऱ्याचा पहिला आधार. तीही पचेना, तेव्हा आता आहाराने काम होणार नाही हे जीवकाने ओळखलं. पोट उघडून पीळ सोडवला, शिवलं, आणि मुलगा बरा झाला. आहाराचं मोल जाणणाऱ्या वैद्यानेही जिथे शस्त्र हवं तिथे शस्त्रच वापरलं. घरगुती उपायांवर श्रद्धा असलेल्या आपण सर्वांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

उज्जैनचा राजा आणि न आवडणारं तूप

आता येते ती आमच्या माळव्यातली गोष्ट. इंदूरहून उज्जैन किती लांब? तासा-दीड तासाचा रस्ता. त्या उज्जैनीचा राजा प्रद्योत. वासवदत्तेचे वडील म्हणून आपण त्याला ओळखतो. स्वभाव इतका तापट की लोक त्याला चंडप्रद्योत म्हणत. त्याला पांडुरोग झाला. मोठमोठे वैद्य थकले. शेवटी त्याने बिंबिसाराकडे निरोप पाठवला आणि जीवक उज्जैनीला आला.

राजाला तपासून जीवकाने सांगितलं की औषध तुपात कढवावं लागेल. राजा म्हणाला की तूप सोडून काय वाटेल ते कर, मला तुपाची किळस आहे. माळव्यात बाफले तुपात बुडवून खाणाऱ्या आपल्याला हसू येईल, पण राजाचं म्हणणं अगदी ठाम होतं.

जीवकापुढे पेच पडला. तुपाशिवाय हा रोग जाणार नाही हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने तूप अशा औषधींबरोबर कढवलं की त्याला काढ्याचा रंग, काढ्याचा वास आणि काढ्याची तुरट चव आली. ही नुसती हातचलाखी नव्हे. चरकसंहितेत तुपाचा हाच मोठा गुण सांगितला आहे, की ज्या द्रव्याबरोबर संस्कार करावा त्याचे गुण तूप घेतं आणि आपले स्वतःचेही सोडत नाही. म्हणून आयुर्वेदात इतकी औषधं तुपात सिद्ध करतात.

पण जीवकाने पुढचाही विचार केला. तूप पचताना ढेकर येणार, ढेकरेबरोबर तुपाचा वास येणार, आणि हा राजा मला मारून टाकणार. म्हणून त्याने आधीच परवानगी मागून ठेवली. वैद्याला मुळ्या खणायला कधीही जावं लागतं, तेव्हा कुठल्याही वेळी, कुठल्याही वाहनावर, कुठल्याही दारातून मला जाऊ द्यावं. राजाने तसा हुकूम दिला. जीवकाने राजाला काढा म्हणून ते तूप पाजलं आणि तडक हत्तीखान्यात जाऊन भद्रवती नावाच्या हत्तिणीवर बसून निघून गेला. ही हत्तीण दिवसाला 50 योजनं चालायची असं वर्णन आहे.

व्हायचं तेच झालं. राजाला ढेकर आली, तो खवळला, आणि त्याने काक नावाच्या आपल्या सेवकाला मागे पाठवलं. हा काक दिवसाला 60 योजनं जायचा. वैद्य लोक फार युक्तीबाज असतात, त्याच्या हातचं काही खाऊ नकोस, असंही राजाने त्याला बजावलं. काकाने जीवकाला कौशांबीला गाठलं. जीवक न्याहारी करत होता. त्याने काकाला खायला बोलावलं, काक नाही म्हणाला. मग जीवकाने आवळा काढला, स्वतः खाल्ला, वर पाणी प्यायला आणि उरलेला काकाला देऊ केला. वैद्य स्वतःच खातो आहे तर काय बिघडलं, म्हणून काकानेही खाल्ला. पण जीवकाने नखात औषध ठेवलं होतं. काकाला तिथेच जुलाब सुरू झाले. घाबरू नकोस, तूही बरा होशील आणि राजाही, असं सांगून हत्तीण त्याच्या हवाली करून जीवक राजगृहाला पोचला.

राजा बरा झाला. राग गेला. त्याने आपल्याकडचं सगळ्यात उत्तम वस्त्र, शिवी देशाची तलम जोडी, जीवकाला पाठवून दिली.

गोष्ट मजेची आहे, पण तिच्यात एक गंभीर मुद्दा आहे. साकेतला नाकातून दिलेलं तूप आणि उज्जैनीला पोटात दिलेलं तूप, दोन्ही तूपच. रोग वेगळा, म्हणून मार्ग वेगळा, संस्कार वेगळा. तूप चांगलं की वाईट, हा प्रश्न जीवकाने कधी घेतलाच नाही. हे तूप, या माणसाला, या वेळी, किती आणि कसं, एवढंच तो बघत होता.

जसा रोगी तसं औषध

पुढे एकदा भगवान बुद्धांच्या शरीरात दोष साठले आणि त्यांना रेचक घ्यावंसं वाटलं. आनंदाने जीवकाला सांगितलं. जीवकाने औषध लगेच दिलं नाही. आधी काही दिवस भगवंतांच्या अंगाला तेल लावा असं सांगितलं. आजही वैद्य पंचकर्माआधी स्नेहन करतात ते याच क्रमाने.

मग त्याने विचार केला की तीव्र रेचक यांना योग्य नाही. त्याने कमळांचे तीन झुबके औषधींनी भावित केले आणि ते फक्त हुंगायला दिले. ज्याने काकाला आवळ्यातून खडखडीत जुलाब दिला, त्याच वैद्याने इथे कमळाचा सुगंध दिला. शोधन झाल्यावर लगेच नेहमीचं जड जेवण घ्यायचं नाही, हाही आयुर्वेदाचा नियम. आधी पातळ पेज, मग दाट पेज, मग मुगासारखं कढण, असं एकेक पायरी चढत नेहमीच्या जेवणावर यायचं. घरात कुणी तापातून उठलं की आपल्या आज्या मऊ भात आणि मुगाचं पाणी द्यायच्या, त्यामागेही हाच क्रम आहे.

प्रद्योताने पाठवलेली ती वस्त्रजोडी जीवकाने बुद्धांना अर्पण केली. तोवर भिक्षू चिंध्या गोळा करून शिवलेली चीवरं वापरत. गृहस्थांनी दिलेली वस्त्रंही भिक्षूंना घेता यावीत, अशी विनंती त्याने केली आणि ती मान्य झाली.

वैशालीची जेवणं

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही हे चरित्र निवडलं तो सांगतो. चुल्लवग्गात तो आला आहे.

वैशाली हे सुखी, संपन्न शहर. तिथल्या लोकांची भिक्षूंवर श्रद्धा जडली. त्यांनी पाळी लावली. आज याच्या घरी जेवण, उद्या त्याच्या घरी. प्रत्येक घराने आपलं उत्तमातलं उत्तम वाढलं. अन्न शिळं नव्हतं, अशुद्ध नव्हतं, आणि वाढणाऱ्यांच्या मनात भक्तीच होती. तरीही भिक्षू आजारी पडायला लागले. रोजच्या पक्वान्नांनी त्यांची शरीरं दोषांनी भरली.

जीवक काही कामासाठी वैशालीला आला होता. त्याने भिक्षूंची ही अवस्था पाहिली. तो बुद्धांकडे गेला आणि भिक्षूंना फेऱ्या मारायला चंक्रमण म्हणजे चालण्याची जागा असावी, आणि घाम काढायला गरम स्नानगृह असावं, अशी विनंती केली. बुद्धांनी दोन्हींना अनुमती दिली.

ही हकिगत आम्ही आमच्या सेवेकरी ताईंबरोबर वाचली तेव्हा थोडा वेळ सगळ्याच गप्प झाल्या. कारण वैशालीची ती पाळी आपल्याला परकी नाही. उत्सव असला की आपणही महाप्रसादात शिरा, पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी करतो. साजूक तूप, ताजं वाटण, सोवळ्यात रांधलेलं. आणि वाढताना आग्रह. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, असं म्हणत पानात आणखी एक पुरी पडते. पानावर बसलेल्यांत कुणाला मधुमेह असतो, कुणाला रक्तदाब, कुणी पंचाहत्तरीचे आजोबा असतात. त्यांना नाही म्हणणं जड जातं, कारण प्रसादाचा अनादर होईल असं त्यांना वाटतं. मग रात्री त्रास त्यांनाच होतो.

शुद्ध, ताजं, प्रेमाने केलेलं अन्नसुद्धा मापाबाहेर आणि माणूस न बघता वाढलं तर दोष करतं. वैशालीच्या घरांनी जाणून कुणाचं वाईट केलं नव्हतं. म्हणूनच हा धडा भक्तिभावाने वाढणाऱ्यांनीच सर्वात आधी घ्यायला हवा.

आम्रवन

राजगृहातलं आपलं आमराईचं रान जीवकाने बुद्ध आणि भिक्षुसंघाला दिलं. राजगीरला आजही जीवकाम्रवनाचे अवशेष पाहायला मिळतात. बापाचं राज्य घेऊन बसलेला आणि मनाने अस्वस्थ झालेला राजा अजातशत्रू एका कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री शांती शोधत होता, तेव्हा त्याला याच आमराईत बुद्धांकडे घेऊन जाणारा जीवकच होता.

त्याच्याकडे रोग्यांची रीघ लागायची. एका काळी मगधात कुष्ठ, क्षय, अपस्मार असे रोग पसरले होते. लोक यायचे आणि राजा व संघ यांच्या सेवेत गुंतलेल्या जीवकाला सगळ्यांना वेळ देता येत नसे. शेवटी काही जण केवळ औषधासाठी भिक्षू व्हायला लागले आणि बरे झाल्यावर चीवर टाकून परत जायला लागले. हेही त्याने बुद्धांच्या कानावर घातलं. उकिरड्यावर टाकलेला हा जीव आयुष्यभर दुसऱ्यांचे जीव सांभाळत राहिला.

आपल्या स्वयंपाकघरात

जीवकाने लिहिलेल्या ग्रंथावरून नव्हे, त्याच्या वागण्यावरून आपण शिकायचं आहे. त्याला चरकसंहितेतल्या आहाराच्या विचाराची जोड दिली की रोजच्या स्वयंपाकाला वाट मिळते. चरकाच्या विमानस्थानात अन्न ठरवताना आठ गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: पदार्थाचा मूळ गुण, त्यावर केलेला संस्कार, तो कशाबरोबर खातो, किती खातो, कुठल्या प्रदेशात, कुठल्या काळात, खाण्याचे नियम, आणि आठवी गोष्ट म्हणजे खाणारा स्वतः.

प्रदेश म्हणजे काय, हे आपल्या गटाला वेगळं सांगायला नको. गोव्यात उकड्या तांदळाची पेज आणि सोलकढी, बेळगावकडे जोंधळ्याची भाकरी, माळव्यात गहू, हैदराबादेत चिंचेचं सार. शुद्ध आहार म्हणजे सगळ्यांचं ताट एकसारखं, असं नव्हे. आपापल्या मातीतलं, ऋतूतलं, नुकतं शिजलेलं अन्न म्हणजे शुद्ध आहार.

रोज पाळता येतील अशा काही गोष्टी:

अन्न गरम आणि ताजं खावं. सकाळची पोळी-भाजी डब्यात गेली तर दुपारी चालते, पण तीन दिवस फ्रिजमध्ये राहिलेली भाजी पुन्हा पुन्हा गरम करू नये. रोज जेवढं संपेल तेवढंच रांधावं. यात पैसाही वाचतो आणि साकेतच्या शेठाणीला ते नक्की पटलं असतं.

आधीचं पचल्याशिवाय पुढचं खाऊ नये. घड्याळ पाहण्याआधी पोटाला विचारावं.

पोटाचे भाग पाडावेत. चरक तीन भाग सांगतो: एक घट्ट अन्नाला, एक पातळाला, एक मोकळा. वाग्भट चार भाग करतो आणि त्यातले दोन घट्ट अन्नाला देतो. दोघांचंही एका गोष्टीवर एकमत आहे: थोडी जागा रिकामी ठेवायचीच.

तूप घरी कढवलेलं, मापात, गरम अन्नावर. डॉक्टरांनी कमी सांगितलं असेल तर कमी. एकीला मानवलं म्हणून दुसरीने वाढवू नये आणि दुसरीने सोडलं म्हणून पहिलीने सोडू नये.

दही रात्री घेऊ नये आणि दही-मध तापवू नये, असं आयुर्वेद सांगतो.

जेवणानंतर थोडं चालावं. वैशालीत जीवकाने पक्वान्नं बंद करायला सांगितली नाहीत, आधी चालायला जागा मागितली.

मन लावून जेवावं. घाईने नाही, फार रेंगाळतही नाही, मोबाइल बाजूला ठेवून.

आणि एक कळकळीची विनंती. जीवकाच्या गोष्टी वाचून कुणी नाकात तूप घालणं किंवा रेचक घेणं घरच्या घरी करू नये. ते वैद्याने तपासूनच करायचं असतं. रक्तदाब, मधुमेह, हृदयाची चालू औषधं आपल्या मनाने बंद करू नयेत.

येत्या उत्सवात

या वर्षीच्या गुरुपौर्णिमेपासून आमच्या केंद्रातल्या ताईंनी मिळून काही ठरवलं आहे. पंगतीत पहिलं वाढप लहान असेल. पुन्हा मागितलं तर आनंदाने वाढू, न मागता नाही. शिऱ्याचा प्रसाद द्रोणात चमचाभर. ज्यांना गोड चालत नाही त्यांच्यासाठी एका टोकाला मुगाची खिचडी आणि ताक ठेवू, आणि ते कुणाला विचारावं लागू नये म्हणून पाटी लावू. प्रसादाचा कणभर घेतला तरी तो पूर्ण प्रसादच असतो, हे वाढणाऱ्या मुलामुलींना आधी समजावून सांगू. जेवण झाल्यावर आवारात शतपावलीला जागा मोकळी राहील, खुर्च्या तिथे मांडायच्या नाहीत.

इतर केंद्रांतल्या ताई-दादांनी आपापल्याकडे काय करता येईल ते जरूर कळवावं. बडोद्याच्या, ग्वाल्हेरच्या मंडळींकडे मोठ्या पंगतींचा अनुभव आहे, त्याचा सगळ्यांना उपयोग होईल. आपल्याकडे आजाऱ्याला देतात ती पेज, कढण, सार यांच्या कृतीही मापासकट पाठवा. पुढच्या अंकात त्या एकत्र करून देऊ.

सर्वांना निरोगी चातुर्मासाच्या शुभेच्छा.